वाचून दाखवणारी यंत्रं

आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते, आता रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली. जन्मापासून आंधळे. (तेव्हा सगळे 'आंधळे'च म्हणायचे, ते स्वतःसुद्धा. 'दृष्टिहीन' म्हटलं की त्यांना अजून हसू येतं.) मी सहावी-सातवीत असताना संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन पेपर वाचून दाखवायचो. बदल्यात गणित शिकायला मिळायचं आणि काकूंच्या हातची थालीपीठं. पेपर झाला की आलेली टपाल. लाइटचं बिल, सोसायटीची नोटीस, आणि महिन्या-दोन महिन्यांतून गुहागरहून त्यांच्या थोरल्या बहिणीचं निळं आंतर्देशीय पत्र.

अशाच एका पत्रात आत्याबाईंनी लिहिलं होतं की तुझ्या डोळ्यांचं हे असं, मूलबाळ नाही, तर गावच्या घरातला हिस्सा तुला काय करायचाय, दादाच्या नावावर करून टाक. मी ते मनात वाचलं, अडखळलो, आणि सरळ पुढच्या ओळीवर उडी मारली. बारा वर्षांच्या मुलाला वाटलं, उगाच कशाला दुखवायचं. पत्र संपलं. काका म्हणाले, "कागद तीनदा उलटलास आणि मजकूर दीड पानाचा? परत वाच. सगळं वाच." मी वाचलं. ऐकून झाल्यावर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "अरे, वाईट वाटून घ्यायचं की नाही ते मी ठरवीन ना."

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांच्या फोनवर भाच्याने एक वाचणारं ॲप टाकून दिलंय आणि त्यावरून आमचा वाद झाला. त्या वादाचं शेवटी सांगतो. पण घरी येऊन मी या वाचणाऱ्या यंत्रांच्या इतिहासात जो घुसलो तो तीन वीकेंड बाहेरच आलो नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना वाटतं की ओसीआर, स्कॅनर, बोलणारा कॉम्प्युटर हे सगळं ऑफिसांसाठी निघालं आणि मग कुणीतरी दयाबुद्धीने अंधांनाही दिलं. गोष्ट बऱ्याच ठिकाणी नेमकी उलटी आहे.

सुरुवात एका विचित्र धातुसदृश पदार्थापासून होते. सेलेनियम. १८७३ मध्ये समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबल तपासताना विलोबी स्मिथ या इंग्रज इंजिनिअरच्या लक्षात आलं की सेलेनियमवर उजेड पडला की त्यातून वीज सहज वाहते आणि अंधारात वाहत नाही. म्हणजे प्रकाशाचं विजेत रूपांतर झालं. आणि टेलिफोन आल्यावर विजेचा आवाज करता येतच होता. मग प्रकाश ऐकता का येऊ नये?

हा विचार करून एडमंड फूर्निये द'आल्ब नावाच्या, बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ऑप्टोफोन बनवला. पहिलं मॉडेल उजेडाच्या दिशेला धरलं की आवाज बदलायचा, म्हणजे खिडकी कुठे आहे ते कळायचं. गंमत अशी की ज्यांच्यासाठी हे केलं त्या अंध मंडळींकडून जे उत्तर आलं त्याचा मथितार्थ असा होता: खिडकी शोधणं हा आमचा प्रॉब्लेम नाही हो, पोट कसं भरायचं हा आहे. युजरला न विचारता फीचर बांधलं की काय होतं, याचं शंभर वर्षांपूर्वीचं उदाहरण! पण द'आल्ब यांचं कौतुक एवढ्यासाठी की त्यांनी ते ऐकलं आणि यंत्र छापील पानाकडे वळवलं. पुढच्या एक-दोन वर्षांतच वाचणारा ऑप्टोफोन तयार झाला.

तो चालायचा कसा ते सांगतो, कारण कल्पना फार सुंदर आहे. प्रकाशाचे पाच-सहा बारीक ठिपके एकाखाली एक, अक्षराच्या उंचीएवढे. मध्ये भोकं पाडलेली एक चकती फिरते, त्यामुळे प्रत्येक ठिपका वेगवेगळ्या वेगाने लुकलुकतो. वरचा सगळ्यात भरभर, खालचा सगळ्यात सावकाश. हे ठिपके कागदावरून परावर्तित होऊन सेलेनियमवर पडतात आणि कानाला लावलेल्या टेलिफोनच्या रिसीव्हरमध्ये प्रत्येकाचा एकेक सूर ऐकू येतो. कोऱ्या कागदावर सगळे सूर एकदम. ठिपक्यांची रांग छापलेल्या ओळीवरून सरकू लागली की जिथे काळी शाई येईल तिथला सूर गप्प. म्हणजे अक्षर हे सुरांतल्या रिकाम्या जागांवरून ओळखायचं.

हे फार अवघड होतं. मग ग्लासगोच्या बार अँड स्ट्राउड या कंपनीने १९२० च्या सुमारास ते उलटं केलं, काळं वाजेल आणि पांढरं गप्प बसेल असं. आता इंग्रजी 'व्ही' आला की सूर वरून खाली उतरतो आणि परत वर चढतो. 'आय' आला की सगळे सूर क्षणभर एकत्र. (आपली देवनागरी या यंत्रावर कशी वाजली असती, असा विचार करून बघा. शिरोरेषेमुळे सगळ्यात वरचा सूर शब्दभर अखंड चालू राहणार आणि खाली अक्षरांची हालचाल. म्हणजे तानपुरा लावून वाचन!)

मेरी जेमसन नावाच्या लंडनच्या एका तरुण अंध मुलीने हे यंत्र शिकून घेतलं. १९१८ मधल्या एका प्रात्यक्षिकात तिचा वेग होता मिनिटाला एक शब्द. हो, एक. आपण डोळ्यांनी साधारण अडीचशे वाचतो. पुढे सराव करकरून आणि सुधारलेल्या यंत्रावर ती मिनिटाला साठ शब्दांपर्यंत पोचली. बहुतेक लोक तिच्या जवळपासही गेले नाहीत. म्हणून हे यंत्र 'फसलं' असं इतिहासात लिहितात. ब्रिटनमधल्या अंधांच्या मोठ्या संस्थाही त्याकडे संशयानेच बघत होत्या. यावर पैसे घालण्यापेक्षा ब्रेलची पुस्तकं छापा, असं म्हणणारे बरेच होते, आणि हिशेबाने बघितलं तर त्यांचं चुकत होतं असंही म्हणता येत नाही.

पण मला जेमसनबाईंचा तो मिनिटाला एक शब्द वेगळा दिसतो. ब्रेलमध्ये काय छापायचं ते संस्था ठरवणार. वाचून दाखवणारा माणूस काय गाळेल ते तो माणूस ठरवणार. या यंत्राने मात्र कुठलंही पुस्तक बाजारातून आणायचं, पुढ्यात ठेवायचं आणि वाचायचं. कितीही हळू असो, मध्ये कुणी नाही.

मधल्या काळात अर्थात सोपा मार्गही निघाला, बोलकी पुस्तकं. १९३४ पासून अमेरिकेत ग्रामोफोनच्या तबकड्यांवर पुस्तकं वाचून अंधांना टपालाने पाठवायला लागले, पुढच्या वर्षी ब्रिटनमध्येही. साध्या तबकडीवर चार-पाच मिनिटंच मावायची, म्हणून मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या सावकाश फिरणाऱ्या तबकड्या वापरल्या. एका बाजूला साधारण पंधरा मिनिटं. आपण ज्याला एलपी म्हणतो ती कोलंबियाने बाजारात आणली १९४८ मध्ये. म्हणजे चौदा वर्षं आधी अंध वाचकांच्या घरी एलपी वाजत होत्या. हे कुठल्याही संगीताच्या मैफलीत सांगून बघा, कुणालाही माहीत नसतं.

आता या कथेतला माझा सगळ्यात आवडता भाग. दुसरं महायुद्ध संपत आलंय, दृष्टी गेलेले सैनिक घरी परततायत. अमेरिकन सरकारच्या समितीने १९४४ मध्ये हॅस्किन्स लॅबोरेटरीज या छोट्या संस्थेला काम दिलं की यांच्यासाठी वाचणारं यंत्र बनवा. फ्रँकलिन कूपर आणि मानसशास्त्रज्ञ अल्विन लिबरमन यांना वाटलं, ऑप्टोफोन हळू आहे कारण त्याचे सूर नीट निवडलेले नाहीत. प्रत्येक अक्षराला छान, वेगळा ओळखू येणारा आवाज दिला की माणूस सवयीने भराभर ऐकायला शिकेल. शेवटी बोलणं म्हणजे तरी काय, आवाजांची मुळाक्षरंच ना!

त्यांनी तऱ्हेतऱ्हेचे आवाज करून पाहिले. एकही चालला नाही. वेग मोर्सच्या कट्ट-कडकट्टपुढे जाईना. त्यापेक्षा भरभर वाजवलं की सगळ्याची मिळून एक गुणगुण व्हायची. पण माणसं बोलतात तेव्हा तर सेकंदाला दहा-पंधरा ध्वनी सहज कानात शिरतात. मग बोलण्यातच असं काय आहे?

ते शोधायला कूपरने 'पॅटर्न प्लेबॅक' नावाचं यंत्र केलं. बोलण्यातल्या ध्वनिलहरींचं चित्र पट्टीवर रंगवायचं आणि यंत्र ते चित्र 'वाजवून' दाखवणार. आत काय होतं माहितीये? प्रकाश, आणि पन्नास सूर काढणारी एक फिरती चकती. म्हणजे ऑप्टोफोनचाच थोरला भाऊ. त्यावर चित्रं खोडून-रंगवून त्यांना कळलं की 'दि' मधला द आणि 'दु' मधला द हे ध्वनी म्हणून बघितले तर वेगळेच असतात. कात्रीने कापून नुसता 'द' वेगळा काढताच येत नाही. स्वर आणि व्यंजन एकमेकांवर चढून एकाच वेळी येतात, आणि म्हणूनच बोलणं एवढं वेगवान असतं. (आपल्या लिपीत व्यंजनाला स्वर चिकटवूनच लिहितात. हे वाचून मला उगाचच अभिमान वाटला. माझं त्यात कर्तृत्व शून्य.)

वाचणारं यंत्र त्या वेळी झालंच नाही. पण त्या अपयशातून उच्चारशास्त्राचा एक आख्खा विभाग उभा राहिला आणि आज फोन जे बोलतात त्या कृत्रिम वाणीचा पाया त्या संशोधनात आहे. आणि एक गोष्ट नक्की झाली. वेग हवा असेल तर यंत्राला नुसतं अक्षराचं चित्र कानात ओतून चालणार नाही. त्याला अक्षर *ओळखावं* लागेल आणि माणसासारखं *बोलावं* लागेल. ते करू शकणारा कॉम्प्युटर तेव्हा नव्हता.

तेवढ्यात एका बापाने तिसराच रस्ता काढला. जॉन लिनविल हे स्टॅनफर्डमध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे प्रोफेसर. त्यांच्या मुलीची, कँडीची, दृष्टी अगदी लहानपणी गेली. आई तिच्यासाठी पुस्तकं ब्रेलमध्ये उतरवून द्यायची. १९६२ च्या सुमारास लिनविल युरोपात असताना जर्मनीत आयबीएमचा एक वेगवान प्रिंटर बघायला गेले. त्यात बारीक हातोड्या कागदावर आपटून अक्षरं उमटत होती. त्यांच्या डोक्यात आलं, या हातोड्यांवर बोट ठेवलं तर अक्षराचा आकार बोटाला कळेल की!

त्यातून ऑप्टाकॉन झाला. जेम्स ब्लिस हे त्यांचे या कामातले साथीदार. उजव्या हातात एक छोटा कॅमेरा, तो ओळीवरून फिरवायचा. डाव्या हाताची तर्जनी यंत्राच्या खोबणीत. तिथे १४४ बारीक पिना, २४ ओळी आणि ६ उभ्या रांगा. कॅमेऱ्याला जिथे काळं दिसेल तिथली पिन सेकंदाला साधारण २३० वेळा थरथरणार. अक्षर बोटाखालून सरकत जातं, स्टेशनवरच्या इंडिकेटरसारखं. त्या काळात इतका छोटा कॅमेरा तयार मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेत त्याच्यासाठी खास चिप बनवली. तिथल्या इंटिग्रेटेड सर्किटच्या कामाला या यंत्राने मोठा हातभार लावला. म्हणजे एका मुलीला पुस्तक वाचता यावं म्हणून!

१९७१ पासून टेलिसेन्सरी या त्यांच्याच कंपनीने तो विकायला सुरुवात केली. शिकायला कठीण. नीट ट्रेनिंग घेऊनही बहुतेकांचा वेग मिनिटाला तीस ते पन्नास शब्द. कँडी मात्र शंभरच्या आसपास जायची. ती पुढे स्टॅनफर्डमध्येच शिकली आणि मानसशास्त्रज्ञ झाली.

पण ऑप्टाकॉनमध्ये एक गोष्ट होती जी त्यानंतरच्या कुठल्याच यंत्रात पुरती आली नाही. त्याला काहीच कळत नव्हतं. अक्षर इंग्रजी आहे की जपानी, चित्र आहे की गणिताचं सूत्र, टाइपरायटरचं आहे की हाताचं, त्याला पत्ताच नाही. जे काळं ते थरथरणार. त्यामुळे लोक त्यावर औषधाच्या बाटलीवरची लेबलं वाचत, संगीताची नोटेशन्स वाचत, बऱ्यापैकी सुवाच्य असेल तर हस्ताक्षरही. कॅल्क्युलेटरच्या आणि कॉम्प्युटरच्या पडद्यासाठी वेगळी भिंगं मिळायची आणि अंध प्रोग्रामर त्याने कोड तपासायचे. कोडमध्ये स्वल्पविराम आहे की अर्धविराम ते बोटाला कळतं. जपानमध्येही तो वापरला गेला. मराठीही वाचता आली असती, बोटाच्या वरच्या कडेला शिरोरेषा सतत थरथरत राहिली असती एवढंच. मराठीसाठी कुणी वेगळं सॉफ्टवेअर लिहायची वाट बघावी लागली नसती.

आणि मग आला रेमंड कर्झवाइल. हा माणूस आज भविष्यवाण्यांसाठी प्रसिद्ध आहे, त्याबद्दल माझं मत फारसं बरं नाही, पण १९७६ मधल्या कामाला सलाम. त्याच्याकडे १९७४ पासून एक तंत्र होतं, कुठल्याही फॉन्टमधलं छापील इंग्रजी अक्षर ओळखायचं. याचं करायचं काय ते कळत नव्हतं. तो सांगतो की विमानात शेजारी एक अंध गृहस्थ बसले होते. त्यांच्याशी बोलताना कळलं की त्यांची खरी अडचण एकच आहे, साधा छापील कागद. मग त्याच्या कंपनीने सीसीडी वापरणारा सपाट स्कॅनर बनवला, मजकुराचं बोलणं करणारी यंत्रणा जोडली, आणि १३ जानेवारी १९७६ ला अमेरिकेच्या अंधांच्या राष्ट्रीय संघटनेबरोबर यंत्र जाहीर केलं. त्या संध्याकाळच्या बातम्यांत वॉल्टर क्रॉन्काइट यांचं रोजचं समारोपाचं वाक्य यंत्रानेच म्हटलं. स्टीव्ही वंडरने टीव्हीवर पाहिलं आणि तयार झालेलं पहिलं यंत्र घेतलं. पुढे त्यांची मैत्री झाली आणि त्यातून कर्झवाइलचे सिंथेसायझर आले, तो वेगळा विषय.

यंत्र आख्खं टेबल व्यापायचं आणि किंमत अशी की घेणार कोण तर मोठी वाचनालयं. पण त्यात हॅस्किन्सवाल्यांना हवं होतं ते सगळं होतं. पान ठेवा, बटण दाबा, ऐका. शिकायचं काही नाही. कंपनी १९८० मध्ये झेरॉक्सने घेतली आणि तेच तंत्र ऑफिसांत कागद स्कॅन करायला शिरलं. म्हणून म्हटलं, गोष्ट उलटी आहे. आधी अंधांचं यंत्र, मग ऑफिसचं.

या यंत्राने ऑप्टाकॉनला मारलं असं सरळ म्हणता येणार नाही, पण स्वस्त कॉम्प्युटर, स्कॅनर आणि पडदा बोलून दाखवणारी सॉफ्टवेअर्स आल्यावर बोट शिणवायला कोण तयार होणार? १९९६ मध्ये ऑप्टाकॉनचं उत्पादन थांबलं. २००५ मध्ये टेलिसेन्सरी कंपनीच बंद पडली. ज्यांना त्याची सवय होती ते लोक जुनी यंत्रं विकत घेऊन सुट्या भागांसाठी जपून ठेवायला लागले. आपण सॉफ्टवेअरमध्ये 'एंड ऑफ लाइफ' हा शब्द किती सहज वापरतो. इथे कुणाच्या तरी हातातलं वाचणंच काढून घेतलं जात होतं.

इथे पुण्याचा उल्लेख यायलाच हवा. टी. व्ही. रामन पुण्यात वाढले, चौदाव्या वर्षी काचबिंदूने दृष्टी गेली. वाडिया कॉलेजातून गणित, मग मुंबईची आयआयटी, मग कॉर्नेल. तिथे १९९४ मध्ये पूर्ण केलेल्या पीएचडीत त्यांनी 'ॲस्टर' ही प्रणाली लिहिली. लॅटेकमध्ये लिहिलेला गणिती मजकूर ती बोलून दाखवते. (नाव त्यांच्या वाटाड्या कुत्र्यावरून!) आता एखादं मोठं समीकरण सलग वाचून दाखवलं तर कुणालाही कळणार नाही. डोळस माणूस तरी कुठे सलग वाचतो? आधी एकूण आकार बघतो, मग अंश, मग छेद, मग कंसात काय आहे ते. ॲस्टरमध्ये ऐकणाऱ्याला तेच करता येतं. आधी सांगाडा ऐका, हवा तो तुकडा उघडा, कशा पद्धतीने वाचायचं ते तुम्ही ठरवा. पुढे त्यांनी ईमॅक्सला बोलतं करणारं 'ईमॅकस्पीक' लिहिलं, ते अजूनही फुकट आणि खुलं आहे. आमच्या ऑफिसात व्हिम आणि ईमॅक्सवरून भांडणाऱ्या पोरांपैकी एकालाही हे माहीत नव्हतं.

मराठीकडे येऊ. अक्षर ओळखणारं यंत्र त्या-त्या लिपीसाठी शिकवावं लागतं. देवनागरीवर आपल्याकडे काम फार आधीपासून आहे. आयआयटी कानपूरच्या सिन्हा आणि महाबला यांचा देवनागरी ओळखण्यावरचा निबंध १९७९ चा आहे. इंग्रजीत अक्षरं सुटी असतात, आपली शिरोरेषेला टांगलेली. त्यामुळे आधी रेषा पुसायची, मग अक्षरं वेगळी करायची, वर वेलांटी आणि रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षरं. काम होतं आणि होत गेलं, पण काकांच्या हातात घरातलं मराठी पान वाचणारं काही यायला २०१० नंतरची वर्षं उजाडावी लागली.

आणि त्यात आपण स्वतः घातलेला गोंधळ वेगळाच. दोन हजारच्या दशकात मराठी वर्तमानपत्रांच्या साइट आठवतायत? प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा, तो डाउनलोड केला नाही तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. आपण फॉन्ट टाकायचो आणि मोकळे व्हायचो. बोलणाऱ्या सॉफ्टवेअरला फॉन्ट दिसतच नाही, त्याला आतली भेळच ऐकू यायची. युनिकोड १९९१ पासून होतं. तरी आजही कितीतरी मराठी पीडीएफ अशा आहेत की त्यातला मजकूर कॉपी करून बघा, तीच भेळ बाहेर पडते. तुम्ही कुठे मराठी मजकुराचं काम करत असाल तर एवढं एक तपासून बघा, पाच मिनिटं लागतात.

आता आमचा वाद. काकांच्या फोनमधलं ॲप (नाव सांगत नाही, बाकीचीही थोड्याफार फरकाने तशीच वागतात) छापील मराठी झकास वाचतं. पेपर वाचायला आता माझी गरज नाही. त्या दिवशी काकांनी ट्रंकेतून बहिणीची जुनी पत्रं काढली. आत्याबाई गेल्या, त्यालाही बरीच वर्षं झाली. म्हणाले, बघू या याला हस्ताक्षर जमतं का. फोन धरला. ॲपने आधी चार ओळींत सारांश सांगितला, की हे एक कौटुंबिक पत्र आहे, बहीण भावाची विचारपूस करते आहे वगैरे. मग सविस्तर वाच म्हटल्यावर घडाघडा वाचून दाखवलं. इतकं सफाईदार की मीच चाट पडलो.

मग मी पत्र हातात घेतलं. शाई पुसट झालेली, घडीवर कागद विरलेला. अर्ध्या ओळी बरोबर होत्या. जिथे शाई उडाली होती तिथे ॲपने मनानेच वाक्यं बसवली होती. 'आंब्याला यंदा मोहोर चांगला आला आहे' असं एक वाक्य त्याने वाचलं होतं. अस्सल कोकणी पत्रात शोभेल असं वाक्य. फक्त ते पत्रात कुठेही नव्हतं.

मी म्हटलं, "काका, पण जे वाचतंय ते किती छान वाचतंय बघा. नव्वद टक्के काम तर झालं."

"कुठले नव्वद ते मला कळतं का?" काका म्हणाले. "तू लहानपणी वाक्य गाळलंस ते तुझ्या आवाजावरून मला कळलं. हा अडखळतच नाही."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, प्रोफेशनली तर अजिबातच नव्हतं. ऑप्टोफोनला काही कळत नव्हतं, ऑप्टाकॉनलाही नाही, त्यामुळे दोघांनी कधी अंदाज केले नाहीत. अंदाज करायचा तो जेमसनबाईंचा कान किंवा कँडीचं बोट. आपण अंदाज करतोय हे त्यांना ठाऊक असायचं. कर्झवाइलचं यंत्र चुकायचं तेव्हा निदान काहीतरी निरर्थक बोलायचं, चूक झाली ते लगेच कळायचं. आत्ताची यंत्रं चुकतात ती शुद्ध, प्रेमळ मराठीत. 'इथे मला दिसत नाही' एवढं म्हणायला लावणं हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. प्रत्येक शब्दाला किती खात्री आहे त्याचा आकडा आतमध्ये बहुतेक वेळा काढता येतो. तो आवाजात आणायचा. पण डेमोमध्ये अडखळणारं ॲप कुणाला आवडणार?

काकांनी फोन बाजूला ठेवला आणि पत्रांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "वाच. जिथे लागत नाही तिथे लागत नाही म्हण."

सतरा पत्रं आहेत. त्या दिवशी चार झाली, गेल्या रविवारी आणखी तीन. हिश्शाचं ते पत्रही निघालं, तेही वाचलं, सगळं. एका पत्रात 'पावसाआधी दादाने' पुढचा शब्द मला अजून लागलेला नाही, 'खोपी' असावा किंवा 'खोली', पुढे 'शाकारून घेतली' आहे. काकांना दोन्ही सांगितले. ते म्हणाले, खोपीच असणार, खोलीवर तेव्हा कौलं आलेली होती.